जुनी पेन्शन, एनपीएस, यूपीएस: वाद घालण्याआधी हिशोब कसा मांडायचा

पेन्शनचा विषय निघाला की पुण्यातल्या कुठल्याही ग्रुपवर दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो आमच्या टॅक्समधून सरकारी लोकांना आयुष्यभर का पोसायचं, दुसरा म्हणतो एकदा आमदार झालेल्याला तहहयात पेन्शन आणि आम्ही तीस वर्षं नोकरी करून शेअर बाजाराच्या भरवशावर. मग कोणीतरी लाडकी बहीण काढतं, कोणीतरी हिमाचल काढतं, आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. मूळ प्रश्न एवढाच की कबूल केलेली पेन्शन द्यायला पैसे कोण बाजूला ठेवतंय आणि कधी ठेवतंय. मला विचाराल तर सगळा वाद या "कधी" वर आहे आणि नेमकं त्यावरच कोणी बोलत नाही. म्हणून हा हिशोब कसा लावायचा ते लिहितोय. एक कागद, एक पेन आणि तासभर वेळ काढा.

आधी कोणत्या पेन्शनबद्दल बोलताय ते नक्की करा

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण अर्धी भांडणं इथेच संपतात. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, आणि त्यासाठी पगारातून कपात शून्य (जीपीएफ कापला जायचा, पण तो स्वतःची बचत, व्याजासकट परत मिळतो). त्या तारखेनंतर लागलेले अंशदायी योजनेत, म्हणजे पगारातून कपात आणि त्यात सरकारचा वाटा, जी पुढे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) गेली. केंद्राच्या लोकांसाठी हीच रेषा १ जानेवारी २००४ ची, त्यामुळे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला माणूस आणि जिल्हा परिषदेचा शिक्षक एकाच चहाच्या टपरीवर भांडत असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत हे आधी बघा. मधल्या काही लोकांचा प्रश्न राज्याने २०२४ च्या सुरुवातीला सोडवला, म्हणजे जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची अशांना जुनी पेन्शन निवडायची संधी दिली. पण नेमणूक आधीची आणि शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं असे शिक्षक आहेत, त्यांचं दुखणं वेगळंच आहे, त्यांना या आकड्यांच्या वादात ढकलू नका.

आणि भोसरी, चाकण, पिंपरीच्या कंपन्यांतून रिटायर झालेले आपले काका-मामा यातल्या कशातच नाहीत. ते ईपीएस-९५ वाले, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेतले. त्यांचं खाली लिहितो, कारण त्यांचं नाव या वादात कोणी घेतच नाही.

घरातल्याच एका माणसाचा हिशोब मांडा

हवेत बोलण्यापेक्षा बहीण, मेहुणा, वहिनी, जो कोणी सरकारी नोकरीत असेल त्याची पगाराची स्लिप मागा. मूळ वेतन बघा, महागाई भत्ता बघा, आणि एनपीएसची कपात बघा, ती या दोन्हींच्या बेरजेच्या १० टक्के असते. सरकारचा वाटा आधी तेवढाच होता, केंद्राने तो एप्रिल २०१९ पासून १४ टक्के केला, राज्यानेही केला. मग प्रान नंबर (एनपीएस खात्याचा क्रमांक) टाकून स्टेटमेंट काढा आणि सरकारचा वाटा दर महिन्याला जमा झालाय का ते एकेक ओळ बघा. खरंच बघा हे. सुरुवातीच्या वर्षांत कपात झाली पण हिशोबाची चिठ्ठीच मिळाली नाही असं सांगणारे किती तरी शिक्षक भेटतील, आणि त्यांचा एनपीएसवर विश्वास का नाही हे ते स्टेटमेंट हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आता समजा शेवटचं मूळ वेतन ६०,००० आहे. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

जुन्या पेन्शनमध्ये ३०,००० आणि त्यावर महागाई भत्ता, जो वाढत राहतो. वेतन आयोग आला की मूळ पेन्शनही सुधारते.

एनपीएसमध्ये समजा ५० लाख साठले. सरकारी कर्मचाऱ्याला रिटायर होताना त्यातले ६० टक्के, म्हणजे ३० लाख हातात मिळतात, उरलेल्या २० लाखांची विमा कंपनीकडून ॲन्युइटी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम देणारी योजना, घ्यावीच लागते. दर ६ टक्के धरला तर महिन्याला १०,०००. इथे व्हॉट्सॲपवरचे मेसेज थांबतात आणि म्हणतात बघा तीस हजार कुठे आणि दहा हजार कुठे. पण हातातले ३० लाख विसरू नका, तेही ६ टक्क्यांनी ठेवले तर महिना १५,००० आले, म्हणजे झाले २५,०००. फरक सुरुवातीला पाच हजारांचा आहे, खरा खड्डा पुढे पडतो, कारण हे २५,००० पंचाऐंशीव्या वर्षीही २५,०००च राहणार आणि शेजारच्या जुन्या पेन्शनवाल्याचे भत्त्यासकट कुठल्या कुठे गेलेले असणार. महागाईची जोखीम कोणाच्या अंगावर, सरकारच्या की त्या म्हाताऱ्या माणसाच्या, हा त्या दोन योजनांमधला खरा फरक. आणि ज्याची नोकरीच दहा-पंधरा वर्षांची झाली त्याचे ५० लाख साठतच नाहीत, २००५ नंतर उशिरा लागून लवकर रिटायर झालेल्यांना दोन-तीन हजारांची पेन्शन बसली ती यामुळेच. ते लोक मोर्चात पुढे होते तर त्यात नवल काय?

यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, या दोन्हींच्या मधली. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली, १ एप्रिल २०२५ पासून लागू. २५ वर्षं नोकरी झाली असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, वर महागाईप्रमाणे वाढ. नोकरी कमी असेल तर त्या प्रमाणात, म्हणजे २० वर्षं झाली तर आपल्या उदाहरणात ३०,००० ऐवजी २४,०००. निदान दहा वर्षं झालेल्याला कमीत कमी १०,००० ची हमी, जोडीदाराला मागे ६० टक्के. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने लगेच दुसऱ्या दिवशी ही योजना स्वीकारली, असं करणारं पहिलं राज्य आपलं.

ऐकायला जुन्या पेन्शनसारखीच वाटते ना? पण एक गोष्ट नीट बघा. यूपीएसमध्येही तुमची १० टक्के कपात चालूच राहते, आणि हमीची पूर्ण पेन्शन हवी असेल तर तुमच्या नावावर साठलेला निधी शेवटी सरकारच्या सामायिक निधीत जातो. जुन्या पेन्शनवाल्याला निम्मा पगारही मिळायचा आणि जीपीएफही त्याचाच राहायचा. दर सहा महिन्यांच्या नोकरीमागे मासिक पगाराचा दहावा हिस्सा अशी एकरकमी रक्कम यूपीएसमध्ये मिळते, पण २५ वर्षांचे तेही जेमतेम पाच महिन्यांचे पगार होतात. त्यामुळे "आता काय, सगळं मिळालं की तुम्हाला" असं कर्मचाऱ्यांना ऐकवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा. आणि "यूपीएस म्हणजे निव्वळ धूळफेक" म्हणणाऱ्यांनीही करावा, कारण बाजाराची आणि महागाईची जोखीम यात पुन्हा सरकारकडे गेलीय, ही छोटी गोष्ट नाही. राज्याचे नेमके नियम आणि पर्याय द्यायची पद्धत मात्र फॉरवर्डवर वाचू नका, शासनाच्या साईटवरून जीआर उतरवून घ्या आणि पूर्ण वाचा, परिशिष्टासकट.

बिल कोणत्या साली येणार ते विचारा

आता मुख्य मुद्दा.

जुनी पेन्शन चालते ती चालू वर्षाच्या करातून. बाजूला काही साठवलेलं नसतं, आज जे कर भरतात त्यातून आज जे रिटायर आहेत त्यांना जातं. एनपीएस आणली ती हे बदलायला, की माणूस नोकरीत असतानाच पैसे बाजूला पडावेत. पण बदलताना मधली कित्येक वर्षं सरकारला दोन्ही करावं लागतं, २००५ च्या आधीच्यांची पेन्शन तिजोरीतून आणि नंतरच्यांसाठी १४ टक्के दर महिन्याला. आपण आत्ता त्या दुहेरी ओझ्याच्या बरोबर मधे उभे आहोत.

आता जुनी पेन्शन परत आणली तर काय होतं बघा. त्या दिवसापासून १४ टक्के भरायची गरज संपते, म्हणजे यावर्षीचा खर्च वाढत नाही, चक्क कमी होतो! नोव्हेंबर २००५ मध्ये पंचविशीत लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होणार साधारण २०३८ ला, आणि ऐंशीपर्यंत जगला तर २०६० पर्यंत पेन्शन, मागे कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणजे घोषणा करणाऱ्या सरकारला बचत आणि चार-पाच निवडणुका सोडून येणाऱ्या सरकारला बिल. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमध्ये तिथल्या संशोधकांनी हाच हिशोब मांडला होता, सगळी राज्यं जुन्या पेन्शनवर परत गेली तर एकूण बोजा एनपीएसच्या सुमारे साडेचार पट होईल आणि २०६० पर्यंत वर्षाला जीडीपीच्या ०.९ टक्के जादा भार येईल. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी २०२२ पासून परतीच्या घोषणा केल्या, आणि मग कळलं की एनपीएसमध्ये आधी भरलेले पैसे राज्यांना परत द्यायची कायद्यात तरतूदच नाही, तो झगडा वेगळाच सुरू झाला.

आज शाळेत असलेली पोरं हे बिल भरणार आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. पण याचा अर्थ पेन्शनच नको असा काढू नका, मी तो काढत नाही. १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नाकारा खटल्यात स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळालेला तो हक्क आहे. पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश आणि त्या पीठावर होते. १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो त्यामुळेच. हक्क आहे म्हणूनच त्यामागे पैसे उभे असले पाहिजेत, नाहीतर २०४५ ला कोणीतरी अर्थमंत्री उभा राहून म्हणणार की तिजोरीत काही नाही आणि तेव्हा सत्तरीतल्या बाईंनी कुठे मोर्चा काढायचा?

राज्याच्या बजेटमध्ये २०७१ शोधा

हे वाटतं तितकं अवघड नाही. वित्त विभागाच्या साईटवर अर्थसंकल्पाची पुस्तकं पीडीएफमध्ये असतात. त्यात लेखाशीर्ष २०७१ शोधा, "निवृत्तिवेतने व इतर सेवानिवृत्ती लाभ" असं नाव असतं. त्याच्या पोटात उपशीर्षं असतात, जुन्या पेन्शनरांचा खर्च, कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) वेगवेगळं, आणि ११७ क्रमांकाखाली सरकारने अंशदायी योजनेत भरलेला वाटा. या दोन आकड्यांची तुलना करा, जुन्यांची पेन्शन आणि नव्यांसाठीचा वाटा. मग शेजारी २०४९ म्हणजे व्याजाचं शीर्ष लिहा. आणि पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक काढून तेच आकडे बाजूला लिहा. एवढी चौकट कागदावर आली की टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा तुम्हाला जास्त कळलेलं असेल.

संदर्भासाठी, २०२५-२६ चं राज्याचं बजेट सुमारे ७ लाख कोटींचं मांडलं गेलं आणि त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती, म्हणजे रोजचा खर्च भागवायलाही कर्ज. लाडकी बहीणसाठी त्याच बजेटमध्ये ३६,००० कोटी होते. लाडकी बहीण आणि पेन्शन हे दोन खर्च लोक एकमेकांसमोर ठेवून भांडतात, पण महिना १,५०० वर घर चालवणारी बाई आणि पेन्शन मागणारा शिक्षक यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं मला पटत नाही. दोन्ही खर्च करायचे असतील तर कर किती वाढवणार ते सांगा, एवढंच विचारा.

पुस्तकं वाचायचा कंटाळा असेल तर पीआरएस या अभ्याससंस्थेची राज्याच्या बजेटवरची टिपणी आणि कॅगचा राज्य वित्तव्यवस्थेवरचा अहवाल बघा, पगार, पेन्शन, व्याज तिन्ही एकत्र दिलेलं असतं.

भाषणातला आकडा आला की त्याला तारीख लावा

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले होते की जुनी पेन्शन देता येणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. महिन्याभरात शिक्षक-पदवीधरच्या निवडणुका आल्या आणि सूर मवाळ झाला, तरी नागपूरची शिक्षकांची जागा गेलीच. मग १४ मार्च २०२३ पासून "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संप, ससूनपासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे परिणाम, २० तारखेला मिटला. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली. आणि ३१ मार्च २०२३ ला एनपीएसवाल्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी देणारा जीआर निघाला, जो माझ्या मते त्या संपाचं सगळ्यात ठोस फळ होता, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांच्या हातात काय याचं उत्तर त्याआधी फार वाईट होतं.

दुसऱ्या बाजूलाही तारखा लावा. केंद्रात नवी योजना आणली वाजपेयी सरकारने, २००३ च्या अखेरीस. राज्यात २००५ ला ती लागू केली तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्यावर शिक्कामोर्तब करणारा पीएफआरडीए (पेन्शन निधी नियामक प्राधिकरण) कायदा २०१३ ला मनमोहन सिंग सरकारच्या काळात झाला, भाजपच्या पाठिंब्याने. त्यामुळे कुठल्याही पक्षाचा माणूस "त्यांनी तुमची पेन्शन घालवली" म्हणाला की ही तीन सालं त्याच्यासमोर ठेवा. आणि माजी आमदारांच्या पेन्शनचा मुद्दा, महिना ५०,००० पासून पुढे, तो बजेटच्या दृष्टीने छोटा आहे पण न्यायाच्या दृष्टीने अजिबात छोटा नाही, तो सोडू नका.

आता ईपीएसवाले

आमच्या सोसायटीत पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भोसरीच्या कंपनीतून रिटायर झालेले एक मामा. दोघंही नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला सोबतच जातात. काकांची पेन्शन घर चालवते, मामांची औषधांनाही पुरत नाही.

हिशोब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार कितीही असला तरी मर्यादा १५,००० ची, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला त्याहून कमी, ६,५०० ची. म्हणजे त्या काळातल्या १८ वर्षांचे होतात ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, साधारण १,६७१ रुपये. यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकलीय, मागणी ७,५०० अधिक महागाई भत्त्याची आहे. इथेही तोच प्रश्न विचारायचा, पैसे कोण भरणार, कारण या फंडात मालकाचे ८.३३ टक्के, १५,००० वर म्हणजे महिना १,२५०, आणि केंद्राचे १.१६ टक्के एवढंच जातं. ७,५०० द्यायचे तर यातला कोणता तरी आकडा वाढवावा लागेल किंवा केंद्राला बजेटमधून भर घालावी लागेल. मला वाटतं घालावी, आणि पेन्शनसाठी जादा पैसे आले तर पहिला हक्क मामांसारख्यांचा. आणि ज्यांचा पीएफही नाही, धुणीभांडी, बांधकाम, रिक्षा, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आहे. दोनशे. बाकीचं राज्य घालतं म्हणून ते १,५०० होतात.

उमेदवार दारात आला की

लांबलचक निवेदन नको, चार प्रश्न विचारा. पेन्शन किती देणार? त्यासाठी वेगळा निधी उभारणार की त्या-त्या वर्षीच्या करातून देणार? २०४० चं बिल किती येईल याचा अंदाज काढलाय का? आणि ईपीएसवाल्यांसाठी काय? पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याला जो उत्तर देईल, चुकीचं का असेना, त्याच्याशी बोलायला हरकत नाही.

आणि हे विचारायला सगळ्यात योग्य जागा म्हणजे पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघ, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे त्यात येतात. मागची निवडणूक १ डिसेंबर २०२० ला झाली, मुदत सहा वर्षांची. बऱ्याच जणांना माहीत नसतं की ही यादी विधानसभेच्या यादीपेक्षा वेगळी असते आणि दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून यावेळी असेलच असं नाही. पदवीधरांसाठी नमुना १८, अर्हता दिनांकाच्या म्हणजे १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून निदान तीन वर्षं झालेली हवीत. शिक्षकांसाठी नमुना १९, मागच्या सहा वर्षांत निदान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्याच्या वरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. प्राथमिकच्या शिक्षकांना शिक्षक मतदारसंघात मत नाही, पण पदवी असेल तर पदवीधरमध्ये नाव घालता येतं, ते घाला. पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि पत्त्याचा पुरावा लागतो, फॉर्म तहसील कार्यालयात किंवा ऑनलाईन. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका आणि भरल्यावर पोच घ्या, प्रारूप यादी लागली की त्यात नाव आहे का ते तपासा, नसेल तर हरकतीच्या मुदतीतच अर्ज द्या.